नाव माझंच राहील

"मॅडम, तुमचं मराठी किती छान आहे हो! वाटतच नाही."

हिंजवडीतल्या कर्ज कंपनीचा साहेब हसत हसत म्हणाला. माझी फाईल त्याच्यासमोर होती. काय वाटत नाही, ते त्याने सांगितलं नाही. मी घोटावड्यात जन्मले, तिथेच शिकले. अब्बांचं किराणा दुकानही तिथेच. मराठी छान नसेल तर काय असेल?

मग त्याने फाईल मिटली. "हे नाही होणार. तुमच्या लोकांच्या वस्तीत बघा ना एखादा फ्लॅट."

मी मारुंजीत फ्लॅट बघितला होता; त्याच इमारतीत, याच कंपनीने सुनीताला कर्ज दिलं होतं. सुनीता आणि मी एकाच कारखान्यात, एकाच टेबलावर माल तपासतो. पगार सारखा. माझ्या गाडीचा हप्ता कधी चुकलेला नाही. फरक काय, ते शोधायला भिंग लागत नाही.

राग यायला हवा होता. आला नाही. नुसता थकवा आला. आम्ही राहतो ती जागा मालकाने बिल्डरला विकली आहे, दिवाळीपर्यंत घर सोडायचं आहे.

कर्ज नाकारण्याआधी कंपनीचा माणूस घरी चौकशीला आला होता. असं कोणी येणार असलं की आमच्याकडे एक रीतच पडून गेली आहे. अम्मी भिंतीवरची काबाची तसबीर उतरवते. अब्बा टोपी खिशात घालतात आणि शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसतात. त्या दिवशीही बसले. तो माणूस घर बघून बाहेर पडला आणि शेजारी चौकशी करायला नेमका त्याच ओट्यावर गेला. अब्बांनाच विचारू लागला, "काका, ही शेजारची माणसं कशी आहेत? काही भानगडी?"

अब्बा म्हणाले, "चांगली हायेत. लई जुनी हायेत हितली."

स्वतःच्याच घराबद्दल. बोडक्या डोक्याने. मी खिडकीतून ऐकलं. तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळलं नाही, इतकी लाज वाटली. हे आपण का करतो, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

कर्ज नाकारल्यावर मी ग्रामसभेत विषय काढला. निवृत्त गुरुजी म्हणाले, "पोरी, पैसा त्यांचा. कुनाला द्यायचा ते तेच ठरवनार. सरकार कुटं कुटं पुरंल?"

मी म्हणाले, "गुरुजी, दुकानातला काटा आमचा, माल बी आमचाच. तरी सरकार येऊन काटा तपासतंय, शिक्का मारतंय. गिऱ्हाइकाला माप कमी जाऊ नये म्हनून. मग मानसं तोलनाऱ्यांचा काटा कोन तपासनार?"

"सरकारचा तरी काटा कुटं सरळ हाय?" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. त्याचंही खोटं नव्हतं. पण वाकडा काटा सरळ करायचा असतो, की मापच सोडून द्यायचं असतं? हे मी बोलेपर्यंत विषय पाण्याच्या टाकीवर गेला होता.

मग सुनीता आली. साहेबाला भेटून आली होती बिचारी. "त्यो म्हनतोय, अर्जावर माझं नाव पुढं लावायचं, तुजं मागं. मग फाईल पास. मी लावते गं, त्यात काय!"

तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. अब्बाही म्हणाले, "घे की पोरी. छप्पर मिळतंय न्हवं?"

छप्पर मिळालं असतं. त्या क्षणी मला ते हवंही होतं, खोटं कशाला बोलू?

"न्हाई सुनीता," मी म्हणाले. "तुजं मन मोठं हाय. पन न्हाई."

दुसऱ्या दिवशी साहेबाकडे नकाराचं कारण लेखी मागितलं. म्हणाला, असं लेखी देत नसतात. मी कंपनीच्या वरच्या ऑफिसात तक्रार केली. उत्तर येईल असं वाटत नाही. नाही आलं तर त्याच्याही वर करीन. हे सरकारचं काम आहे की नाही, यावर गावाने खुशाल वाद घालावा. मला कोणाची मेहेरबानी नको, नियम हवा. नाकारायचं असेल तर कारण लिहून, खाली सही करून नाकारा.

दिवाळीला सामान कुठे हलवायचं, माहीत नाही. पण अर्जावर नाव माझंच राहील.