शेवंतीची झोप आणि शांतारामाचं शटर

गोव्यातल्या लाटंबार्शात काजूगर निवडायला शेवंतीच्या तोडीची बाई नाही, हे तिच्याशी भांडलेलेही कबूल करतात. अख्खा, पाकळी, तुकडा. बोटं फिरली की तीन टोपल्या वेगळ्या. तिला ऐकू जन्मापासून येत नाही. विशीनंतर डोळे कडांकडून मिटत आले आणि चाळिशीत उरलंसुरलंही गेलं. थोरल्या भावाचंही असंच झालं होतं. गाव म्हणतं, पूर्वजांचं पाप. मग काजूची बाग मिळालेले चुलते धडधाकट कसे? पूर्वज तर एकच.

पण शेवंतीला छळते ती झोप. ती रोज थोडी पुढे सरकते. या आठवड्यात रात्री दहाला निजेल, पुढच्या आठवड्यात पहाटे, मग भर दुपारी. उजेड नाही म्हणून, असं शेजारणी ठरवून मोकळ्या. थोडं दिसत होतं तेव्हाही तिची झोप अशीच होती, हे कोणी विचारलंच नाही. डिचोलीच्या डॉक्टरने मात्र सांगितलं, कान-डोळे नेणाऱ्या या आजाराच्या पुष्कळ लोकांना हा त्रास असतो, आळस म्हणू नका.

विधवा भावजय रेश्मा सकाळ झाली की दारावर पाव विकणाऱ्या पदेराचा गरम उंडो शेवंतीच्या हातात ठेवायची. ऊन पाव म्हणजे सकाळ, एवढी सोपी खूण. पण पदेर संध्याकाळीही येतो. एकदा रेश्माच्या लेकीने, गौरवीने, लाडाने संध्याकाळचा उंडो आत्येच्या हातात दिला. शेवंतीने आंघोळ केली, वेणी घातली, वाटेकडेच्या गडग्यावर, चिऱ्यांच्या बुटक्या भिंतीवर, हात ठेवत काजूचा कारखाना गाठला. तिथे मालक शांताराम शटर खाली ओढत होता. मागून रेश्मा धावत आली.

"रेश्मा, हिका सांग, नऊ ते पाच! हो कारखानो आसा, धर्मशाळा नाय. जमणा नाय तर घराक बसू दे."

"आणि दुपारी एक ते चार तुमी खंय असतास?"

"ती वामकुक्षी गे!"

"तुमी निजलास तर वामकुक्षी, ती निजली तर आळस?"

पण घराला शेवंतीच्या कामाची गरज होती, आणि शेवंतीला त्याहून जास्त. बाकी जग तिला हाताला धरून फिरवायचं. काजूगरांपुढे तीच मालकीण. रेश्माने डॉक्टरकडून झोपेच्या गोळ्या आणल्या. गोळीने शेवंती वेळेवर निजली, वेळेवर उठली आणि बोटं तेवढी निजलेलीच राहिली. अख्ख्यांत तुकडे मिसळले. शांतारामाने टोपली पाहून कपाळ धरलं. "आणखी एक टोपली अशी गेली, तर दुसरी बाई आणतंय."

रेश्माने ते अक्षर अक्षर शेवंतीच्या तळहातावर लिहिलं. शेवंतीने गोळ्यांचं पाकीट काढून भावजयीच्या पदराला बांधलं. डॉक्टरला परत दे, एवढाच त्याचा अर्थ.

पाच दिवसांत बोटं ताळ्यावर आली. झोप मात्र पुन्हा सुटली. त्या दिवशी जाग आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. गडगा धरून ती पोचली. शटर अर्धं खाली. वाकून आत शिरली, मेजावर हात टेकला, तर मेज थरथरत होतं. हात पुढे सरकला आणि शांतारामाच्या पोटावर पडला. पोट मजेत वरखाली होत होतं.

तिने बोट खुपसलं.

"आवशीचो घोव!" शांताराम ताडकन उठून बसला.

शेवंतीने त्याचा हात पकडून तळव्यावर सावकाश लिहिलं: नऊ ते पाच? मग तिने दुसरा शब्द लिहिला: चावी.

हिला दिवा लागत नाही, सोबत लागत नाही, गप्पा तर नाहीतच, हे त्याच्या डोक्यात अर्धवट झोपेतच शिरलं. झोपमोड झालेल्याला वाद घालायचा दम नसतो. त्याने चावी दिली आणि परत आडवा झाला.

आता शेवंती जागी होईल तेव्हा जाते. परवा शांताराम सकाळी नऊला आला. तीन टोपल्या तयार, आणि शेवंती पोत्यांवर गाढ झोपलेली. त्याने शटर बोटाबोटाने, जराही आवाज न करता वर केलं.

उंडे घेऊन आलेली रेश्मा खो खो हसली. "अहो, तिका ऐकाक येणा नाय!"

"गप गे," शांताराम पुटपुटला. "झोपलला माणूस आसा."