विस्तिन आणि सैतानाचं घड्याळ

विस्तिनला घटकाभर एका जागी बसवून दाखवा, माझ्या टपरीवरची कॉफी वर्षभर फुकट, अशी पैज मी मार्चपासून लावली होती. कुणी जिंकेल असं वाटलं नव्हतं.

मार्चच्या वादळात आमची खिडकी पडली. समुद्रात उभी असलेली ती दगडी कमान. सगळं गोझो बेट तिला खिडकीच म्हणायचं. चाळीस वर्षं विस्तिन पाहुण्यांना होडीत घालायचा, कड्यातल्या भुयारातून बाहेर समुद्रात न्यायचा आणि ती दाखवायचा. पाहुणे अजून येतात. जुन्या देवळांचे अजस्र दगड बघतात, मिठागरं बघतात आणि मग माझ्याकडे येऊन विचारतात, "खिडकी कुठाय?" ते कानावर पडलं की विस्तिन उठलाच. कड्यापर्यंत जायचा, रिकाम्या जागेकडे बघायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. मला त्याचा रागही यायचा आणि कीवही.

शेवटी होडी विकून मेलबर्नला लेकीकडे जायचं ठरलं. गिऱ्हाईक माल्टाहून शनिवारी दहाला चर्चच्या चौकात येणार होतं. आठवडाभर विस्तिन होडीच्या तोंडावरचे, नजर लागू नये म्हणून काढतात ते दोन डोळे रंगवत होता. रंगवायचा, पुसायचा, पुन्हा रंगवायचा.

"होडी विकतोयस की नवरी सजवतोयस?" मी म्हटलं.

"परक्याच्या हाती जातेय. डोळे तरी धड नकोत?"

शनिवारी तो चौकात उगवला तेव्हा साडेअकरा झाले होते. गिऱ्हाईक केव्हाच गेलं होतं. त्याची बायको जुझा कमरेवर हात ठेवून उभी.

"दहाला यायचं होतं ना रे?"

"मग दहाच वाजलेत की." त्याने चर्चकडे बोट दाखवलं.

आमच्या चर्चवर दोन घड्याळं आहेत. उजवं खरं, डावं मुद्दाम चुकीचं, सैतानाला प्रार्थनेची वेळ कळू नये म्हणून. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. विस्तिनचं बोट डाव्याकडे होतं. चौक खदखदून हसला, मीसुद्धा.

"साठ वर्षं इथे काढलीस आणि आज सैतानाचं घड्याळ दिसलं तुला?" जुझाने विचारलं.

"चुकलो गं. पुढच्या शनिवारी बोलाव त्याला."

"नऊपासून चर्चच्या मागे येरझाऱ्या घालत होतास. गच्चीवरून दिसतं मला." जुझाचा आवाज एकदम खाली आला. "तो वेळेवर आला होता. मीच सांगितलं, होडी विकायची नाही म्हणून."

"आणि लेक?"

"उन्हाळ्यात तिला येऊ दे इकडे. ती रिकामी जागा तिलाच दाखव आधी."

विस्तिन चर्चच्या पायरीवर बसला. कोपऱ्यावर कुणातरी पाहुण्याने खिडकी कुठाय म्हणून विचारलं, तरी उठला नाही. अर्धा तास झाला, तरी बसलेलाच.

जुझा माझ्याकडे वळली. "बघतोस काय? कॉफी आण. आता वर्षभर."