शहाळेवाल्या अण्णांची उंची

एक खोटे मी वर्षभर जपले. मी मालिकांचे ट्रेलर करतो. बेंगळुरूत बेळ्ळंदूरला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी हातगाडीवर शहाळी विकणारे अण्णा लहान मुलांपुढे गुडघे टेकून, दोन्ही हातांनी शहाळे देतात. एका खूनमालिकेसाठी मी कॅमेरा जमिनीलगत ठेवून त्यांचा उगारलेला कोयता टिपला; पडद्यावर ते राक्षसासारखे उंच दिसले. तो ट्रेलर पाहून आया मुलांना गाडीपासून दूर नेऊ लागल्या. अण्णा मात्र हसले, "सार, मी एवढा उंच कधी झालो?"

"कॅमेरामनची करामत," मी म्हणालो.

काल त्यांनी शहाळे पुढे केले, तेव्हा एक मुलगी आईमागे लपली. मी अण्णांशेजारी गुडघे टेकले आणि त्या आईलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "अण्णा, कॅमेरा मीच खाली ठेवला होता. मला क्षमा करा."