लीलामावशीचा अबोला आणि म्हातारं खेचर

आमच्या मंडळीत नाताळच्या फराळाचा डबा कुणी रिकामा परत करत नाही. किश्श्यांचंही तसंच आहे. शेजारणीला एक सांगायला जावं, तर ती दुसरा भरून परत देते! आमच्या बुधवारच्या वाचनाचे किस्से तर इतके साठलेत की फळीवर जागा उरली नाही. त्यातले थोडे आज खाली काढते.

*

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशकात घरोघरी केबल आली आणि चर्चच्या हॉलमधल्या आमच्या बुधवार संध्याकाळच्या प्रार्थनासभेला ओहोटी लागली. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. जुन्या पुस्तकांच्या गाडीवर मला एक जाडजूड इंग्रजी कादंबरी मिळाली. एका देशातले सगळे दिवे विझलेत. कुणीच न पाहिलेल्या राजाला शोधायला एक मुलगी निघते आणि तिच्या सोबतीला असतं एक बोलणारं, म्हातारं खेचर. मी दर बुधवारी त्यातलं एक प्रकरण मराठीत सांगायला लागले आणि हॉलमधल्या खुर्च्या कमी पडायला लागल्या!

आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, घाबरले. "बाई, प्रार्थनासभेत बोलणारं जनावर? लोकांच्या विश्वासाचं काय होईल?"

नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले शांतवनमामा पुढच्याच रांगेत बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, बायबलमधली बलामाची गाढवी बोलली तेव्हा कुणाचा विश्वास गेला नाही. आणि खेचर तर निम्मं गाढवच असतं!"

पाळकसाहेब पुढच्या बुधवारी देखरेख करायला म्हणून आले आणि कायमचे बसले. एकदा मी सर्दीमुळे दांडी मारली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर! "तब्येत कशी आहे?" विचारलं आणि माझं उत्तर संपायच्या आत, "बरं, त्या खेचराला चोरांनी सोडलं का?"

*

आता लीलामावशी. सरकारी दवाखान्यातली रिटायर्ड सिस्टर. जन्मभर दुसऱ्यांची माणसं जगवली, पण तिचे यजमान योहानकाका आजारी पडले तेव्हा गुडघे टेकून मागितलं तरी स्वतःचं माणूस काही राहिलं नाही. तेव्हापासून तिने थेट देवाशीच अबोला धरला. "चर्चला येईन, गाणी म्हणेन. पण त्याच्याशी माझं बोलणं बंद!"

आमच्याकडे सभेच्या शेवटी सगळे डोळे मिटतात आणि ओळीने एकेक जण मोठ्याने प्रार्थना करतो. मावशी त्या बेताने आधीच मागच्या स्टोव्हवर चहा ठेवून यायची. तिची पाळी आली की खुर्ची करकरायची आणि ती पुटपुटायची, "चहा उतू जाईल." मग शेजारचा सुरू करायचा. मला फार वाईट वाटायचं. पण मावशीला उपदेश करायची कुणाची छाती नव्हती. पाळकसाहेबांचीसुद्धा नव्हती.

*

कादंबरीतला राजा मावशीला मुळीच पटला नाही.

"एवढा मोठा राजा ना? मग त्या पुलावर एक दिवा लावायला काय होतं त्याला? पोरगी पडली असती!"

पाळकसाहेबांनी घसा खाकरला.

"उत्तर नकोय साहेब, चहा घ्या!"

खेचरावर मात्र तिचा जीव जडला. एकदा कप विसळताना मला म्हणाली, "गुणाचं आहे हो ते. बोलतं कमी, पण सोबत सोडत नाही. आमचे हे असेच होते."

*

एका रविवारी पाळकसाहेबांचं प्रवचन भलतंच रंगात आलं. हात उंचावून म्हणाले, "पवित्र शास्त्र काय सांगतं? 'दिसत नसेल तर विचार, पण वाटेवर बसून राहू नकोस!'"

सगळ्या चर्चमध्ये बायबलची पानं फडफडायला लागली. मालेगावहून आलेले एक पाहुणे तर चष्मा पुसून पुसून याकोबाचं पत्र धुंडाळत होते. आम्ही बुधवारवाले तेवढे माना खाली घालून बसलो होतो. शेवटी मामांना राहवलं नाही. "साहेब, ते आपलं खेचर म्हणालं होतं!"

पाळकसाहेबांनी उंचावलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "असेल. पण बरोबर म्हणालं होतं."

*

मामांना दर बुधवारी राजा सापडायचा. एकदा तो नावाडी, एकदा गिरणीवाला, एकदा तर चोरांचा म्होरक्या! मामा मूळचे सटाण्याकडचे, जोशात आले की अहिराणी बाहेर पडायची. एका संध्याकाळी ताडकन उभे राहिले. "कळलं! ते खेचरच राजा शे!"

हॉल हसून हसून लोटपोट. मावशी सगळ्यात जास्त हसली. "अहो मामा, राजा कधी पाठीवर ओझी वाहतो का?"

मी हसले नाही. मी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं होतं.

*

आणि मग तो कादंबरीतल्या पुराचा बुधवार. खेचराने मुलीला पाठीवरून पलीकडच्या काठाला पोचवलं आणि स्वतः पाण्यात दिसेनासं झालं. प्रकरण तिथेच संपलं. मामा ओरडले, "पुढचं वाचा!" पण एका बुधवारी एकच प्रकरण, हा नियम मामांनीच घातलेला! मी पुस्तक मिटलं. सगळ्यांनी डोळे मिटले.

पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, माझी झाली, मामांची झाली. आता मावशी. मागे स्टोव्ह फरफरत होता. खुर्ची करकरायची आम्ही वाट बघत राहिलो. करकरली नाही.

"मी लीला बोलतेय."

मावशी थेट त्याच्याशीच बोलत होती.

"हे गेले तेव्हापासून बोलले नाही. तुला माहीतच आहे. ह्यांच्या वेळी ऐकलं नाहीस माझं. मला अजून राग आहे." तिचा आवाज फाटला. "पण त्या म्हाताऱ्या खेचराला परत आण. त्याने कुणाचं काय वाईट केलंय? एवढं तरी ऐक."

मागे फस्सकन आवाज झाला. मामांनी एक डोळा उघडला आणि हळूच म्हणाले, "लीलाबाई, चहा उतू चाललाय."

"जाऊ दे," मावशी डोळे न उघडता म्हणाली. "माझं अजून संपलेलं नाही."