काकूंच्या पलंगासमोरचा स्पंज

घरात समुद्री जिवांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली की किस्से साठतातच. साफसफाई करताना दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात, मोबाईल धरायची सोय नाही. मग गप्पाच उरतात! आमचा ग्रुप चौघांचा. कल्याणची मी, कोपरचा समीर, ठाण्याच्या कोळीवाड्यातला नरेश आणि वर्तकनगरचे देशपांडे काका, शाळेत जीवशास्त्र शिकवून रिटायर झालेले.

*

माझ्या टाकीत दगडाखाली पांढरे ठिपके आले. समीर म्हणाला, "कसलीतरी अंडी आहेत." काका म्हणाले, "स्पंज असेल, समुद्रातला जिवंत प्राणी. रंगावरून ओळखायला जाऊ नकोस, फसशील. नुसतं बघत राहा."

मी बघत राहिले. सासूबाईंनी बुरशी समजून ते टूथब्रशने घासून टाकले!

दोन महिन्यांनी तेच ठिपके चार ठिकाणी उगवले. उडालेले कण जागोजागी रुजले होते. सासूबाई म्हणाल्या, "बघ, माझ्या हाताला गुण आहे!"

*

नरेशची बोट खोल समुद्रात गेली की तो आमच्यासाठी कॅन भरून पाणी आणतो. काकांकडचा केशरी स्पंज, बोटांएवढ्या फांद्यांचा, त्याने पहिल्यांदा पाहिला आणि म्हणाला, "ये त आमचे जाल्यान येतं. आमी फेकून देताव!"

काका हसले नाहीत. "फेकता तेव्हा जिवंत असतो का रे?" एवढंच विचारलं.

तेव्हापासून जाळ्यात स्पंज दिसला की नरेश जाळं पाण्यात धरूनच तो सोडवतो. बोटीवर त्याला 'डॉक्टर' म्हणतात.

*

काकांनी त्या केशरी स्पंजचा एक तुकडा समीरला दिला. पाण्यातच कापला, पाण्यातच पिशवीत घातला. घरी पोचल्यावर समीरने व्हिडिओ कॉल लावला आणि सेल्फीसाठी तुकडा पाण्याबाहेर उचलायला हात घातला.

"खाली ठेव! आधी खाली ठेव!" काका ओरडले. त्यांचा चढलेला आवाज आम्ही तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. मग शांतपणे म्हणाले, "अरे, त्याच्या भोकांत हवा शिरली की निघत नाही. आतून सडत जातो तो."

*

देशपांडे काकूंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. आम्ही चौघांनी मिळून केशरी स्पंजची टाकी हॉलमधून त्यांच्या पलंगासमोर नेली. सकाळी डोळे उघडले की त्या आधी स्पंजकडे बघायच्या. "त्याच्या आधारावर दिवस काढतेय ती," काका म्हणायचे.

एकदा काकूंनी खुणेने विचारलं, जवळून दिसेल का? काकांनी बाही सरसावली आणि दगडासकट स्पंज बाहेर काढून त्यांच्यासमोर धरला. अर्धं मिनिट, फार तर.

आठवड्याभरात तो मागच्या बाजूने, काकूंना दिसत नव्हतं तिथे, पांढरा पडला, त्याचे तुकडे गळायला लागले. काका फोनवर रडले. "जन्मभर मुलांना शिकवलं, आणि हे मी केलं. तिला कसं सांगू?" मीही रडले.

*

समीरकडचा तुकडा चांगला वाढला होता. काकूंना फिजिओथेरपीला नेलं तेव्हा आम्ही तो मेलेल्याच्या जागी बसवला. समीरच्या टाकीत पाण्याचा जोर जास्त, त्यामुळे फांद्या जरा आखूड होत्या. बाकी रंग तोच, जीवही तोच म्हणायचा. "तिला सांगेन, थंडीने आकसलाय," काका म्हणाले. त्या दिवशी आमच्यात कोणी थट्टा केली नाही.

*

दोन रविवारांनी मी वर्तकनगरला गेले. काका चहा टाकायला आत गेले. काकूंनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागतो.

"जुना... गेला ना?"

खोटं बोलायचं ठरवून गेले होते. पण मान 'हो' म्हणून हलली.

"त्यांना... सांगू नकोस. मला कळलंय ते."

एवढ्यात काका ट्रे घेऊन आले. चेहरा उजळलेला. "बघितलंस का? थंडी सरली, पुन्हा फांद्या काढतोय!"

काकू टाकीकडे बघत राहिल्या. मग काकांकडे वळल्या.

"मी म्हटलं होतं ना... जगेल तो."