विरघळलं, पण पोचलं नाही

मुलुंडच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सुगंधा परब एकतीस वर्षं होत्या. आता त्या जागी टॉवर उभा आहे. फार्मसी शिकणाऱ्या भाचीला, दिशाला, त्या एक आठवण नेहमी सांगतात.

एक औषध पाण्यात विरघळतच नव्हतं. सुगंधाताई ते विरघळवणारा घटक वाढवत गेल्या आणि एका दुपारी द्रावण काचेसारखं स्वच्छ झालं. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सुबोध सरांनी खुशीत सगळ्यांसाठी साबुदाणावडे मागवले. दुसऱ्या दिवशी, औषध आतड्यातून रक्तात जाईल का हे पाहायला, आतड्याच्या पडद्यावर चाचणी घेतली, तर औषध पलीकडे जेमतेम पोचलं होतं.

"आणखी घाला," सर म्हणाले.

"नको सर. तो घटकच औषधाला धरून ठेवतोय. सुटं असेल तेवढंच पलीकडे जातं. उलट कमी करूया."

"मग विरघळणार कसं?"

"गरजेपुरतं विरघळेल ना!"

महिनाभर त्या प्रमाण थोडंथोडं उतरवत राहिल्या. शेवटी किंचित गढूळ द्रावणातूनच सर्वांत जास्त औषध पलीकडे गेलं. सरांनी अहवालावर सुगंधाताईंचं नाव पहिलं लिहिलं.

"गिरणी कामगाराची मुलगी मी," सुगंधाताई म्हणतात, "आईने तो कागद देवासमोर ठेवला होता गं."