फ्यूज माझ्या रुमालात होता

आधीच सांगते, मी फिजिक्सची शिक्षिका. असल्या भुताखेताच्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही नाही. तरी लिहितेय, कारण हे मी स्वतः पाहिलं.

१९९७चा एप्रिल. आम्ही तेव्हा सुरतेत भेस्तानला राहायचो. संध्याकाळी पश्चिमेला धूमकेतू दिसायचा, पण मिलच्या दिव्यांत फिकट. अंधार हवा तर शहराबाहेर चलथाणच्या उसाच्या शेतांकडे जायला हवं, आणि तिथे शेतात वीज कुठून आणणार? माझ्या दुर्बिणीला आकाशाबरोबर हळूहळू फिरवणारी मोटर होती. म्हणून मी बॅटरीची पेटी बनवली — गाडीची बारा व्होल्टची बॅटरी, स्विच, लाल दिवा आणि काचेचा एक फ्यूज.

मला सातवा महिना होता. सासूबाई धुळ्याहून आलेल्या. "पोटुशीनी शेंडीवाला तारा दखू नही," त्यांनी बजावलं.

"आई, मी बघणार."

शेवटी माझ्यावर लक्ष ठेवायला त्याही आमच्या व्हॅनमध्ये बसल्या. गाडी चालवत होता माझा नवरा, सुरेश. प्रवासात शॉर्ट नको म्हणून फ्यूज काढून मी रुमालात बांधला होता.

सूर्य मावळला. बांधावर दुर्बीण लावली, स्विच दाबला. दिवा लागला, मोटर घुरघुरली. धूमकेतू वीस मिनिटं नजरेतून हलला नाही. मग घाम पुसायला रुमाल काढला... आणि गाठ हाताला लागली.

पेटी उघडली. फ्यूजची जागा रिकामी. मोटर चालूच!

"सुरेश, इकडे ये."

त्याने टॉर्च मारला. "अगं, फ्यूज कुठाय?"

मी मूठ उघडून दाखवली. रिकाम्या जागेच्या दोन टोकांना मीटर लावला — पूर्ण बारा व्होल्ट. तिथे जोड असता तर शून्य आलं असतं; म्हणजे विजेची वाट तुटलेलीच होती. स्विच बंद केला, मोटर थांबली. परत चालू केला — काहीच नाही. दिवासुद्धा नाही.

सासूबाईंनी माझा दंड धरला. "हाऊ इशारा शे. चाल घर!"

"इशारा असता तर आधीच बंद पडली असती, आई. ती तर चालत होती."

मी फ्यूज बसवला. मोटर सुरू झाली. मी पुन्हा डोळा लावला, मुद्दाम, चांगला अर्धा तास. सासूबाई बांधावर बसून पुटपुटत राहिल्या. मग जवळ आल्या.

"माले बी दखाड."

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पेटीची एकेक वायर सोडवली. वीज जायला दुसरी वाट कुठेच नव्हती. जूनमध्ये मुलगी झाली — ठणठणीत. तेव्हा ज्या नातेवाइकांना तो अपशकुन वाटला होता तेच म्हणू लागले, तो शुभशकुन होता! मी तेही ऐकून घेतलं नाही.

मोटर कशावर चालली, मला आजही माहीत नाही. नाही माहीत, एवढंच. त्या रिकाम्या जागेत तुमचं भूत मी बसवू देणार नाही.